आधी उतरू द्या

ग्रामपंचायतीत सरपंचाची खुर्ची असते आणि सरपंच तिच्यावर बसतो, अशी नोकरीला लागल्यापासून माझी समजूत होती. मोहखेड्याला बदली झाली आणि पहिल्याच सकाळी ती समजूत मोडीत निघाली. खुर्ची रिकामी होती. दाराच्या चौकटीला वरून एक हात लावून, एक पाय उंबऱ्यावर ठेवून एक उंच, हडकुळे गृहस्थ उभे होते. उभे म्हणजे डुलत उभे. वारा नाही, काही नाही, आणि हा माणूस आपला पुढे-मागे, पुढे-मागे.

"पुढं सरका, भाऊसाहेब, पुढं सरका," ते मला म्हणाले, "आतमधी जागा लई हाये."

आत जागा कसली, दोन कपाटं आणि एक टेबल. तरी मी पुढे सरकलो. तो आवाजच असा होता की माणूस आपोआप सरकायचा. हे रघुनाथ नाना, मोहखेड्याचे सरपंच. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर कंडक्टर. जामनेर, बोदवड, भुसावळ, जळगाव, या रस्त्यांवरचा एक खड्डा असा नव्हता की ज्याला नाना ओळखत नव्हते. निवृत्त झाले, गावाने थेट सरपंच म्हणून निवडून दिलं, पण अंगातला कंडक्टर काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. बसायची सवयच नव्हती हो त्यांना! सही करायची असली तरी उभ्यानेच, कागद भिंतीला लावून, पाय फाकवून, जणू आता वळण येणार आहे.

मी ग्रामसेवक, मूळचा शिंदखेड्याकडचा. माझी बोली अहिराणी, त्यांची जामनेरकडची तावडी. मी चिडून "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे, असं म्हटलं की नाना हसून हसून चौकट सोडायचे. "तुमचं शे शे ऐकलं की मले वाटते, कोणी कोंबड्या हाकलू राह्यलं." मला राग यायचा. तरी दिवसातून एकदा मी मुद्दाम म्हणायचोच, त्यांचं हसू ऐकायला.

खिशात नेहमी तिकिटं टोचायचा लोखंडी चिमटा. जुना, भंगारात निघालेला. बोलताना बोटांत तो खेळवायचे, टिक टिक, टिक टिक. ग्रामसभेत तर चिमट्याचा कायदाच होता. टेबलावर एकदा वाजला की बोलणाऱ्याने थांबायचं, दोनदा वाजला की पुढे चालू. एखादा बोलतच सुटला की नाना शांतपणे विचारायचे, "भाऊ, तुमचा थांबा कोणता? मागं गेला काय?" सगळी सभा खो-खो हसायची आणि तो बिचारा मुकाट्याने खाली बसायचा. तालुक्यात लोक त्यांना डबल बेल नाना म्हणायचे. त्यांना ते फार आवडायचं.

या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं होतं. आधी उतरू द्या. गाडी स्टँडवर लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, टोप्या टाकतात, एकाने तर म्हणे लेकरू टाकलं होतं. दारात ही गर्दी, उतरणारा आत अडकलेला, चढणारा बाहेर लोंबकळलेला. एकतीस वर्षं नाना त्या दारात दोन्ही हात पसरून ओरडत होते. आणि त्यांचं म्हणणं असं की देशाचं सगळं राजकारण म्हणजे तेच दार आहे.

"आता पहा," ते मला समजवायचे, "एकजण एका खुर्चीत बसेल हाये. त्याले दुसरी पाहिजे. मंग तो काय करतो? बूड इथं ठेवतो आन रुमाल तिथं टाकतो! एक माणूस, दोन सीटा. मी असतो तं दोन्ही ठिकाणाहून उठवला असता."

हे ते नुसतं माझ्यापाशी बोलत नव्हते. झेडपीतले एक मोठे पदाधिकारी आमदारकीला उभे होते, ते आमच्या गावात मतं मागायला आले. हार झाले, नारळ झाले. पाहुणे बोलायला उठणार तेवढ्यात नानांचा चिमटा वाजला. एकदाच.

"साहेब, उतरले काय?"

"हो हो, हे काय, आत्ताच उतरलो," साहेब गाडीकडे बोट दाखवून म्हणाले.

"गाडीतून नही, खुर्चीतून."

मंडपाच्या कोपऱ्यातून जमना अक्का अशी हसली की तिची चंची खाली पडली. जमना अक्का म्हणजे आमच्या गावचं आकाशवाणी केंद्र. जामनेरच्या बाजारात कोथिंबीर विकता विकता तिने हा किस्सा अर्ध्या तालुक्याला विकला, तोही फुकट. साहेब मात्र त्या दिवशी चहा न घेताच गेले.

मी नोकरीतला माणूस. मला कायदा कळतो. मी नानांना म्हटलं, "अहो, कायद्यात असं काही नाही. पद न सोडता दुसऱ्या निवडणुकीला उभं राहता येतं. आणि पडला माणूस तर? दोन्हीकडून गेला ना! मग गरिबाने कधी उभंच राहायचं नाही का?" नानांनी दुसरा हातही चौकटीला लावला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, ज्याले माह्या सहीचा दाखला लागते, तो मले नही कसा म्हणीन?" मी वही उघडून बसलो.

आता खरी गोष्ट. मोहखेड्याला गाडी येत नव्हती. रस्ता आठ किलोमीटरचा, पण त्याला रस्ता म्हणणं म्हणजे त्याची थट्टा. नाल्यावरचा फरशीपूल वाहून गेला आणि डेपोने गाडी बंद केली. ज्या माणसाने एकतीस वर्षं सगळ्या जगाला गाडीत बसवलं, त्याच्याच गावाला गाडी नाही! कॉलेजच्या पोरी फाट्यापर्यंत चालत जायच्या, चिखलात चपला हातात घेऊन. त्यांना पाहिलं की नानांचा चिमटा थांबायचा. पत्रं लिहून लिहून माझी बोटं झिजली, पण रस्ता झेडपीचा, आणि झेडपीत आमच्या गटाचं बोलणारं कोणी नाही. पुढे झेडपीच्या निवडणुका लागल्या आणि एका पक्षाच्या तालुक्याच्या माणसाचा नानांना फोन आला, तेव्हा मी बाजूलाच होतो.

"नाना, तुमचं तिकीट पक्कं!"

"कुठून कुठपर्यंत?" नानांनी सवयीने विचारलं.

मग कळलं. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "जिंदगीभर मी तिकिटं देल्ली, भाऊसाहेब. आज पहिल्यांदा मले कोणी देल्लं." आणि लगेच, त्याच श्वासात, "घ्या, लिवा राजीनामा."

घरात रणकंदन माजलं. नानांच्या बायको सिंधूकाकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "चालत्या गाडीतून उतरू नका, हे लोकाइले सांगत जलम गेला तुमचा, आन आता सोता उडी मारता? पडले तं? ना सरपंच, ना मेंबर. गावाचं कोण पाहीन?" समोरचे उमेदवार उत्तमभाऊ. तेसुद्धा सरपंचच, शेजारच्या टाकरवाडीचे, आणि ते खुर्चीला असे चिकटून होते की खुर्चीसकट प्रचाराला निघाले तरी कोणाला नवल वाटलं नसतं. सकाळी दाखल्यावर सही, दुपारी त्याच घरात मत मागायला हजर. काकूंचं म्हणणं बरोबर होतं. मीही त्यांच्याच बाजूने होतो. नाना म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. पण मी त्या साहेबाले भर मंडपात इचारलं होतं. आता मले कोणी इचारलं तं?"

राजीनामा लिहायला बसलो. आमचा ठरलेला मजकूर असतो: वैयक्तिक कारणास्तव. नानांनी तो खोडायला लावला. "वैयक्तिक काय त्याच्यात? बवासीर झाली काय मले? आन हे पहा, शब्द काय हाये? राजी-नामा. राजी होऊन लिहेल कागद. तोंड पाडून काय द्यायचा?" शेवटी कागदावर उतरलं ते असं: "मला पुढच्या गाडीत चढायचे असल्याने मी या गाडीतून राजीखुशीने उतरत आहे." माझ्या नोकरीतला असा हा एकच शासकीय कागद, ज्याच्या दोन प्रती मी स्वतःसाठी काढून ठेवल्या.

जामनेरला पंचायत समितीच्या कचेरीत आम्ही गेलो ते पेढ्यांचा पुडा घेऊन. टेबलावरचा बाबू आमच्याकडे बघतच राहिला. "नाना, कोणी दमदाटी केली का?" नाही. "अविश्वासाचा ठराव येतोय का?" नाही. "मग तब्येत...?" नानांनी त्याच्या तोंडात पेढा घातला. कारण वाचल्यावर तो ठसकला, पाणी आणावं लागलं. मग सगळी कचेरी पेढे खायला गोळा झाली. ज्या कागदाला तिथे सगळे घाबरतात, त्यावर पेढे! मला आधी लाज वाटत होती, पण हळूहळू असं काही हलकं वाटायला लागलं की मीही तीन पेढे खाल्ले.

आणि इथेच घोटाळा झाला, तोही पेढ्यांमुळेच.

नानांची लेक दिलेली बऱ्हाणपूरला. व्याही हरलालजी केळीचे व्यापारी, मनाने सोनं, मराठी कळते पण हिंदीतून कळते. सिंधूकाकूंनी त्यांना फोन करून सांगितलं, "ह्याइनी राजीनामा देल्ला, आन वर पेढे वाटले!" काकू रडत होत्या. हरलालजींना ते आनंदाश्रू वाटले. कारण बऱ्हाणपूरकडे पद सोडलं की इस्तीफा म्हणतात. आणि राजीनामा? राजीनामा म्हणजे दोघं भांडणारे आपसांत मिटवून घेतात, ती तडजोड! हरलालजींनी हिशोब जुळवला. निवडणूक, समोर उत्तमभाऊ, राजीनामा, त्यावर पेढे. म्हणजे मिटलं! समधींनी रस्त्याच्या बोलीवर माघार घेतली!

त्यांनी आनंदाने केळीच्या वखारीत जाहीर केलं, "हमारे समधीजी का उत्तमभाऊ से राजीनामा हो गया. अब सड़क बनेगी!" झालं. केळीचे ट्रक आमच्या गटातल्या प्रत्येक गावात येतात. ड्रायव्हरांनी माल भरता भरता बातमी उतरवली. तीन दिवसांत गटात दुसरा विषय नाही.

नाना प्रचाराला गेले की लोक प्रेमाने चहा पाजायचे आणि म्हणायचे, "नाना, बरं केलं बा तुम्ही. भांडणात काय ठेवलंय?" नाना म्हणायचे, "मी राजीनामा देल्ला!" "हो ना, तेच तं!" म्हणून लोक टाळी द्यायचे. जितकं समजवावं तितकं ते घट्ट होत जायचं. नोकरीमुळे प्रचार मला चालत नव्हता, तरी मी एका पारावर उभा राहून दोन भाषांतला फरक सांगितला. एक म्हातारबाबा शेवटी म्हणाले, "म्हंजे राजीनामा झाला, हे तं खरं ना?" माझ्या तोंडून अहिराणीत निघून गेलं, "बठ्ठा येडा शेतस!" म्हणजे सगळे वेडे आहेत! त्यावर नाना इतके हसले की पाराला धरून खाली बसले. उभ्या आयुष्यात मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उत्तमभाऊंनी काय केलं? तो माणूस हुशार. नाकारलं नाही. टाकरवाडीच्या सभेत गळ्यात हार घालून म्हणाले, "होय, नानांचं आणि आमचं सगळं मिटलेलं आहे. मोहखेड्याचा रस्ता मीच करणार, शब्द देतो!" टाळ्यांचा कडकडाट. लोकांनी मोबाईलवर ते सगळं टिपलं.

नाना एकोणचाळीस मतांनी पडले.

निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर उभे होते, पण डुलत नव्हते. मला इतकं वाईट वाटलं की मीच रडवेला झालो. सरपंचपद गेलं, मेंबरकी गेली, रस्ताही गेला, आणि हे सगळं कशामुळे, तर प्रामाणिकपणाच्या पेढ्यांमुळे! व्याही बऱ्हाणपूरहून केळीचे दोन घड घेऊन आले होते आणि नानांचे पाय धरत होते. "समधीजी, माफ करो, मैं तो समझा..." नानांनी त्यांना उठवलं, एक केळं सोलून त्यांच्याच हातात दिलं. "तुमचं काई चुकलं नही. शब्दच फाट्यावरचा हाये. एक वाट इकडं जाते, एक तिकडं." मग मला हळूच म्हणाले, "पोरींचं वाईट वाटते, भाऊसाहेब. बाकी काई नही." दोन दिवस चिमट्याचा आवाज आला नाही.

गावाने ठरवलं, सरपंचाची पोटनिवडणूक होईल तेव्हा नानांनाच बिनविरोध परत बसवायचं. नानांनी ऐकलं नाही. "मी उतरलो. आता मागच्या दारानं चढायचं नही." जमना अक्काची सून उभी राहिली, बी.ए. झालेली, आणि निवडून आली. ती मात्र खुर्चीत बसायची. मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं.

पहिल्याच ग्रामसभेत जमना अक्का उठली. "मी काय म्हंते, राजीनामा झाला होता ना?"

"झाला नव्हता, अक्का, मी देल्ला होता," नाना मागून कंटाळून म्हणाले.

"तुम्ही थांबा हो! उत्तमभाऊ काय म्हंला होता? मिटलं म्हंला होता, रस्ता करतो म्हंला होता. माह्या नातवाच्या मोबाईलात हाये. मंग रस्ता कुठी हाये?"

नानांच्या हातात टिक टिक झालं. दोनदा.

पुढच्या सोमवारी दोन ट्रॅक्टर भरून माणसं जळगावला झेडपीत. बायाच जास्त. मेंबरांच्या दालनात, निवडून आलेल्या उत्तमभाऊंसमोर, अक्काने मोबाईल टेबलावर ठेवला आणि भाऊंना त्यांचंच भाषण ऐकवलं, टाळ्यांसकट. भाऊंचा चेहरा असा झाला की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो, हसू येऊ नये म्हणून. शेवटी ते नानांवर घसरले. "अहो नाना, तुम्ही तरी सांगा! तुमचा तो राजीनामा वेगळा होता, तुम्हाला माहीत आहे ना?"

दारात उभे असलेले नाना पुन्हा डुलायला लागले होते.

"वेगळाच होता, भाऊ. मी देल्ला, तुम्ही केला. माह्यावाला मी पाळला."

त्यानंतर उत्तमभाऊ कुठेही गेले, लग्नात, दशक्रियेला, केळीच्या वखारीत, की लोक विचारायचे, "भाऊ, राजीनामा पाळला का?" ट्रक ड्रायव्हर खिडकीतून ओरडून विचारायचे. बिचारा माणूस किती ठिकाणी तोंड लपवणार! उन्हाळा लागायच्या आत नाल्यावर पूल झाला, मग खडी पडली, मग डांबर. पोरी पहिल्या दिवशी त्या डांबरावरून मुद्दाम चपला घालून फाट्यापर्यंत जाऊन आल्या.

गाडी सुरू झाली त्याच दिवशी माझीही बदली झाली होती, धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याजवळ. ट्रंक घेऊन मीही पारापाशी उभा राहिलो. केळीचे खांब बांधलेली, हार घातलेली लाल गाडी वळणावर दिसली आणि सगळं गाव तिच्या दाराकडे धावलं. टोप्या, रुमाल, पिशव्या, सगळं खिडक्यांतून आत जायला लागलं. जमना अक्काने तर कोथिंबिरीची जुडी फेकून जागा धरली. तेवढ्यात दारात दोन हात आडवे पसरले.

"आधी उतरू द्या! आधी उतरू द्या!"

एकतीस वर्षांचा आवाज. अख्खी गर्दी जागच्या जागी थांबली. आतून नवा कंडक्टर डोकावला, चष्मेवाला, लाजरा. "आजोबा, गाडी रिकामीच आली आहे. उतरायला कोणी नाही."

नानांचे हात तसेच पसरलेले. आता मागे कसं यायचं, हे त्यांना कळेना, आणि आम्हाला हसावं की काय ते कळेना. मग त्यांनी धोतर सावरलं आणि एक एक पायरी चढून स्वतः आत गेले. आम्ही बाहेरून खिडक्या-खिडक्यांतून बघत होतो. वरच्या दांडीला हात लावत ते शेवटच्या सीटपर्यंत गेले, तिथे थोडे थांबले, एकदा सगळी गाडी पाहिली, आणि तसेच परत येऊन खाली उतरले.

"हां," ते बाजूला होत म्हणाले. "आता चढा."

मी चढलो. सगळे चढले. मला खिडकी मिळाली. नवा कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला होता, ओढत नव्हता, नानांकडे बघत होता. नानांनी खिशातून चिमटा काढला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा वाजवला. गाडी हलली. मी मान बाहेर काढून पाहिलं. नाना नव्या डांबरावर पाय फाकवून, एक हात हवेत वर धरून उभे होते आणि डुलत होते.